ब्लॉगचं बिऱ्हाड

असीरगडाबद्दल इंटरनेटवर मराठीत जे काही सापडतं, त्यातला मोठा भाग गड हिंडणाऱ्या हौशी लोकांनी आपापल्या ब्लॉगवर लिहिलेला आहे. कुणी पुण्याहून येतो, कुणी जळगावहून. बऱ्हाणपूरच्या स्टेशनवर उतरायचं, इंदूर-इच्छापूर रस्त्यानं वीसेक किलोमीटर उत्तरेला जायचं, सातपुड्यातला तो कातळ दिवसभर पालथा घालायचा आणि घरी परतल्यावर आठवड्याभरात लेख लिहून टाकायचा. लेखात १६०१ साली अकबराच्या ताब्यात गेलेला गड असतो, उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशव्यांकडे आलेला असतो, १८१९ मध्ये शिंद्यांच्या किल्लेदाराकडून इंग्रजांनी घेतलेला असतो. गडावरच्या अश्वत्थाम्याची दंतकथा तर असतेच असते. पण गॅझेटियरमध्ये कधीच न मिळणाऱ्या गोष्टीही असतात: वाट कुठून बरी, पाणी कुठल्या टाक्यात, पावसाळ्यात कुठल्या पायऱ्यांवर जपून पाय टाकायचा.

हे लेख आज उघडून पाहा. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, फोटोंच्या जागी मात्र राखाडी चौकोन. ‘गडाची आणखी छायाचित्रं इथे पाहा’ या ओळीवर टिचकी मारली की काहीच उघडत नाही. यात लिहिणाऱ्याचा आळस नाही. पिकासा वेब अल्बम २०१६ मध्ये मोडीत निघाले. फोटोबकेटनं २०१७ च्या उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या पानांवर फोटो दाखवायचे वर्षाला सुमारे चारशे डॉलर मागितले, तेव्हा जगभरच्या हौशी पानांवरची चित्रं एका झटक्यात गेली. फ्लिकरनं २०१९ पासून फुकट खात्यांना एक हजार फोटोंची मर्यादा घातली. गुगलच्या नकाशाला २०१८ पासून किल्ली (एपीआय की) आणि क्रेडिट कार्ड लागायला लागलं, आणि लेखात जोडलेले वाटांचे नकाशे काळवंडले.

सगळ्यात विचित्र प्रकार ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’चा. गुगलनं २०१२ पासून भारतातल्या वाचकांना ब्लॉगरवरचे ब्लॉग या भारतीय पत्त्यावर दाखवायला सुरुवात केली होती. वाचकांनी तोच पत्ता उचलला, मित्रांना पाठवला, विकिपीडियाच्या लेखांत जोडला. २०२० मध्ये ते डोमेन गुगलच्या हातून निसटून दुसऱ्याच कुणाकडे गेलं. ब्लॉग ‘डॉट कॉम’वर सुखरूप होते, पण लाखो दुवे मेले. लेख जिवंत आणि त्याच्याकडे जाणारी वाट बंद, ही अवस्था लेख पुसला जाण्याहून फारशी बरी नाही.

म्हणून ब्लॉगमागचं सॉफ्टवेअर बदलायचा विचार मराठी लिहिणाऱ्यांच्या मनात हल्ली वारंवार येतो. माझ्याही आला. गडकोटांवरचा माझा ब्लॉग बरीच वर्षं ब्लॉगरवर होता, तो आता स्वतःच्या डोमेनवर वर्डप्रेसमध्ये आणला आहे. या खटाटोपाबद्दल इंग्रजीत ढिगानं लिहिलेलं मिळतं. मात्र ते लिहिणाऱ्यांनी बऱ्हाणपूर हा शब्द कधी टाइप केलेला नसतो, आणि मराठी माणसाची खरी अडचण नेमकी तिथे सुरू होते.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. ब्लॉगर १९९९ मधलं, पायरा लॅब्स नावाच्या छोट्या कंपनीचं. गुगलनं २००३ मध्ये विकत घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या सोडून दिलेल्या प्रोग्रामवरून वर्डप्रेस उभं केलं. त्या काळात मूव्हेबल टाइप या ब्लॉग-सॉफ्टवेअरचा दबदबा होता, पण २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि चिडलेले लोक वर्डप्रेसकडे वळले. सॉफ्टवेअर बदलण्याची ती पहिली मोठी लाट. आपल्याकडे मराठी ब्लॉग फुलले ते युनिकोड घरोघरच्या संगणकांवर पोचल्यावर. विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट पाहत आपण सगळे मराठी वाचायला लागलो, तो र. कृ. जोशींनी घडवलेला. सुलेखनकार आणि कवी असलेल्या या माणसाची अक्षरं कोट्यवधी लोकांनी त्यांचं नाव न कळता वाचली.

आता पत्त्याविषयी. प्रत्येक लेखाला इंटरनेटवर स्वतःचा कायमचा पत्ता असतो आणि तो साधारणपणे शीर्षकावरून बनतो. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर ती अक्षरं सरळ गाळतो. मागे काहीच उरत नाही, म्हणून पत्त्यात वर्ष, महिना आणि त्यापुढे नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ येतं. त्याच महिन्यात दुसरा लेख लिहिला तर ‘ब्लॉग-पोस्ट’पुढे अधोरेषा आणि एखादा आकडा. मराठीतल्या हजारो लेखांना हे एकच नाव आहे. २०१२ नंतर पत्ता हातानं लिहायची सोय आली, तीही रोमन अक्षरांपुरतीच.

वर्डप्रेस उलट देवनागरी पत्ता आनंदानं बनवतो. पण इंटरनेटच्या पत्त्यात देवनागरी अक्षर आहे तसं जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन रोमन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ खुणा. ‘असीरगड’ या सहा चिन्हांच्या शब्दाला ५४ खुणा लागतात. वर्डप्रेसच्या कोठीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, पत्त्यासाठी जागा असते २०० खुणांची, त्यात देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘असीरगडावर पावसाळ्यातला एक दिवस’ असं शीर्षक दिलं, तर पत्ता तयार होतो ‘असीरगडावर-पावसाळ्यातला-ए’. पुढचा ‘क’ आणि अख्खा दिवस गायब. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे ‘ळ्या’साठीच चार जातात. तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की समोरच्याला टक्क्यांची चार-पाच ओळींची माळ दिसते आणि त्याला वाटतं, व्हायरस आला.

माझं मत असं की पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि हातानं लिहिलेला असावा. यात मराठीशी कसली गद्दारी नाही. पोस्टाच्या पाकिटावर पिनकोड लिहिताना आपण कुठे भाषेचा अभिमान काढतो?

जुन्या लेखांचे जुने पत्ते मात्र बदलू नयेत, अजिबात नाहीत. त्यासाठी एक युक्ती आहे आणि ती क्रमानंच करावी लागते. आधी स्वतःचं डोमेन विकत घ्यायचं आणि ब्लॉग हलवण्यापूर्वी ते ब्लॉगरलाच जोडायचं. त्यानंतर ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाचकाला ब्लॉगर स्वतःच नव्या डोमेनवर पाठवतो. हे काही महिने चालू द्यायचं. मग डोमेन वर्डप्रेसकडे वळवायचं आणि तिथल्या पत्त्यांच्या मांडणीत वर्ष, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी ‘एचटीएमएल’ हाच जुना क्रम ठेवायचा. आयात करताना प्रत्येक लेखाचा ब्लॉगरमधला पत्ता वेगळ्या रकान्यात नोंदला जातो, तो पडताळून घ्यायचा. जुना ब्लॉग मात्र पुसायचा नाही. तो पुसला की वाट दाखवणारा माणूसच गेला.

एक बारीक खोडी राहते. मोबाइलवर ब्लॉगरचं पान उघडलं की पत्त्याच्या टोकाला प्रश्नचिन्ह, ‘एम’ आणि १ अशी शेपूट लागते. मराठी वाचक बहुतेक मोबाइलवरचे, म्हणून फिरत राहिलेले दुवेही शेपटीसकट. वर्डप्रेसच्या लेखी ‘एम’चा अर्थ महिन्यानुसार लावलेलं संग्रहपान, त्यामुळे नीट हलवलेला लेखही ‘सापडत नाही’ म्हणू शकतो. सर्व्हरच्या मांडणीत एक ओळ टाकून ही शेपूट कापावी लागते. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते करायचं असतं हे कुणी सांगत नाही.

पत्त्याहून नाजूक गोष्ट अक्षराची. इथे बऱ्हाणपूर मध्ये येतं.

बऱ्हाणपुरातला मराठी माणूस दोन भाषांच्या सीमेवर जगतो. पलीकडे इच्छापूर ओलांडलं की मुक्ताईनगर, रावेर, केळीच्या बागा आणि मराठी पाट्या. अलीकडे सरकारी कागद हिंदीत. इथल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गावातल्या मराठी वाड्यांवर आणि सणांवर लिहिलेल्या टिपणांच्या सीडी होत्या. मराठी मजकूर श्रीलिपीत, हिंदी कृतिदेवमध्ये. फाईल उघडली की रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांचा चिवडा. “भाऊ, हे माझंच लिहिलेलं आहे, आणि मलाच वाचता येत नाही,” असं ते म्हणाले, आणि नातवाला चहा सांगितला.

त्या काळच्या फाँटांत अक्षराचं फक्त चित्र साठवलं जायचं. टंकलेखन यंत्राच्या सवयीनं ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘दुर्ग’ लिहिताना आधी ग आणि मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये आधी र, मग हलन्त, मग ग. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक ह्रस्व वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते, प्रत्येक रफार मागे. साध्या शब्दात हे जमतं. जोडाक्षरावर ह्रस्व वेलांटी आणि वर रफार असं काही आलं की प्रोग्राम गडबडतो. शिवाय हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकाला मराठीतला ‘ळ’ चालतो, पण डोळ्याच्या पापणीसारखा ‘ऱ’ समजत नाही. किल्ल्यांवर लिहिणाऱ्याच्या मजकुरात तर दऱ्या, पायऱ्या आणि बुरुजावरच्या फेऱ्या पानोपानी.

युनिकोडमध्ये हा पापणीचा ‘ऱ’ किमान दोन रीतींनी लिहिला जातो. एक म्हणजे त्याचं स्वतःचं चिन्ह, ऱ, त्याला हलन्त आणि पुढचं अक्षर. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग पुढचं अक्षर. पडद्यावर ‘बऱ्हाणपूर’ आणि ‘बर्‍हाणपूर’ सारखेच दिसतात. संगणकासाठी ते दोन निरनिराळे शब्द. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कळपाट्या वापरून लिहिलेल्या ब्लॉगमध्ये दोन्ही मिसळलेले असतात, आणि शोधाच्या चौकटीत एक टाइप केला की दुसऱ्या रीतीनं लिहिलेले लेख मिळतीलच असं नाही. गडाच्या नावाचंही तेच. असीरगड, असिरगड, हिंदीतलं असीरगढ़, त्यातल्या ढ खालचा नुक्ता; शिवाय पालघरकडचा अशेरीगड मध्ये येऊन गोंधळ घालतो तो निराळाच.

खरा घात होतो हलवताना. ब्लॉग हलवण्याआधी मजकुराची ‘सफाई’ करा, असा सल्ला सगळीकडे असतो. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरामागे निरुपयोगी खुणांचं जाळं असतं, ब्लॉगर प्रत्येक फोटोभोवती स्वतःची चौकट बांधतो, ते काढलेलं बरंच. पण सफाईचे तयार प्रोग्राम ‘शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं’ हाही कचराच समजतात. इंग्रजीत तो खरोखर कचरा असतो. मराठीत तो पुसला की बऱ्हाणपूरचं होतं ‘बर्हाणपूर’: पापणी गेली, ह च्या डोक्यावर रफार बसला. सगळ्या लेखांत, एका क्षणात. उलट फिरवायचा सोपा मार्ग नाही, कारण खरोखरच रफार असलेले शब्दही त्यात मिसळलेले असतात.

म्हणून क्रम असा ठेवावा: सफाईआधी अदृश्य चिन्हाच्या रीतीनं लिहिलेले सगळे ‘ऱ’ स्वतंत्र चिन्हाच्या रीतीत बदलून घ्यायचे, आणि मगच झाडू फिरवायचा. शोधा आणि बदला, इतकंच काम. त्यानंतर बऱ्हाणपूर, बिऱ्हाड, दऱ्या, पायऱ्या असे दहावीस शब्द डोळ्यांनी तपासायचे. त्याला पर्याय नाही.

जुन्या वर्डप्रेसवरून नव्यावर येणाऱ्यांना आणखी एक भूत भेटतं. मजकूर ज्या कोठीत साठतो त्या मायएसक्यूएलची मूळची अक्षरव्यवस्था लॅटिन होती; २०१८ च्या आठव्या आवृत्तीत ती बदलली. वर्डप्रेसनंही कोठीची अक्षरव्यवस्था निवडायची सोय २००७ मध्ये दिली. त्याआधी सुरू झालेल्या मराठी ब्लॉगांत देवनागरी मजकूर लॅटिनच्या वेषात बसलेला असतो. जुन्या जागी तो नीट दिसतो, कारण घालणारा आणि काढणारा दोघेही एकच चूक करत असतात. नव्या जागी प्रामाणिकपणे वाचला की स्वराघात मिरवणाऱ्या रोमन अक्षरांच्या रांगा दिसतात. पाहून छातीत धस्स होतं, पण हे बरं होणारं दुखणं आहे. मजकूर शाबूत असतो, फक्त वाचण्याची पद्धत चुकलेली असते. घाईघाईनं त्यावर नवा मजकूर साठवला तर मात्र खेळ खलास.

सजावटीबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतात. मला तिच्याबद्दल थोडंच सांगायचंय. तयार थीम जवळपास सगळ्या रोमन लिपीच्या मापानं शिवलेल्या असतात. त्यांच्या ओळींतलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अंतर दीडपट करून पाहा, नाहीतर पावणेदोनपट. शीर्षकांची अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून थीममध्ये अक्षरांमध्ये फट सोडलेली असते, तिच्यामुळे शिरोरेषेचे तुकडे पडतात. ती फट शून्य करा. तिरकी अक्षरं देवनागरीत काढून टाका, ती आपली नव्हेत. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा ‘मुक्त’ फुकट मिळतो आणि वाचायला चांगला आहे. आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. ज्या फाँटांत सोय असते ते ही नोंद वाचून ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. नोंद नसेल तर हिंदी वळण येतं. असीरगड मध्य प्रदेशात असला तरी त्याच्यावरच्या मराठी लेखातला ल मराठी असायला हरकत नाही.

वर्डप्रेसच का, हा प्रश्न रास्त आहे. तेही अजरामर नाही. २०१८ च्या डिसेंबरात पाचव्या आवृत्तीनं लिहिण्याची साधी चौकट काढून ठोकळ्यांचा संपादक आणला, तेव्हा कित्येकांनी डोक्याला हात लावला; जुना संपादक परत आणणारं प्लगिन आजही लाखो लोक वापरतात. २०२४ मध्ये मलनवेग आणि डब्ल्यूपी एंजिन ही कंपनी यांचं भांडण कोर्टात गेलं. शिवाय प्लगिनं अद्ययावत ठेवायची कटकट आहे, नाही ठेवली तर कुणीतरी घुसून औषधांच्या जाहिराती लावतो. ज्याला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती नाही, त्यानं २००८ पासूनचं जेकिल किंवा २०१३ चं ह्यूगो पाहावं. तिथे प्रत्येक लेख म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल. कोठी नाही, प्लगिन नाही, घुसखोराला घुसायला दार नाही. गडांवर वर्षाला पाच-सात लेख लिहिणाऱ्या माणसाला खरं तर एवढंच पुरतं. मी वर्डप्रेस घेतलं ते वाचकांच्या प्रतिक्रियांसाठी. जुन्या लेखांखाली कुणीतरी आपल्या आजोबांकडून ऐकलेली गडाची हकिगत लिहून गेलेलं असतं, ती कधी कधी लेखाहून मोलाची असते. ब्लॉगरच्या निर्यातीत प्रतिक्रिया येतात. फोटो येत नाहीत, ते गुगलच्याच यंत्रावर राहून तिथूनच दाखवले जातात. लोकांना वाटतं सगळं हलवलं. फोटो वेगळे उतरवून स्वतःच्या जागी आणायचे, हे पक्कं लक्षात ठेवा.

असीरगडाच्या वाटेवर कातळात फारसी लेख आहेत. अकबराचा, मग दानियाल, शाहजहान, औरंगजेब यांची नावं असलेले. गड घेणाऱ्यानं आधीच्याचा लेख तासून काढला नाही, शेजारी आपला कोरला. आणि खाली बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आदिलशाह फारूकीनं १५९० च्या सुमारास अरबीसोबत संस्कृतातही लेख कोरवला, विक्रम संवत आणि शकासकट. दगडाचं ठीक आहे, त्याला आवृत्ती बदलावी लागत नाही. मला या गडाची दुसरी एक गोष्ट जास्त कामाची वाटते. मौखरी राजा शर्ववर्म्याची सहाव्या शतकातली मुद्रा ‘असीरगडची मुद्रा’ म्हणूनच ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शिंद्यांच्या गडावरच्या सामानातल्या पेटीत मिळाली. मूळ मुद्रा पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. मौखरींची वंशावळ वाचली गेली ती तिच्या ठशावरून, म्हणजे नकलेवरून.

आपल्या लेखांची नक्कल घरात असण्याला खर्च येत नाही. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये खाली ‘बॅकअप’ची ओळ आहे, वर्डप्रेसमध्ये ‘साधनं’ या कप्प्यात ‘निर्यात’. दोन्हींतून एक्सएमएल फाईल मिळते, आणि ती कुठल्याही साध्या संपादकात उघडून वाचता येते. सॉफ्टवेअर निवडताना मी आता एवढीच कसोटी लावतो: यातून माझा मजकूर मला वाचता येईल अशा रूपात एका दुपारी बाहेर काढता येतो का? येत नसेल तर ते कितीही देखणं असो, तिथे लिहू नये. आज जे लोक आपली सगळी गडभ्रमंती फेसबुकच्या भिंतीवर आणि इन्स्टाग्रामच्या चौकटीत ओतताहेत, त्यांनी ही कसोटी एकदा लावून पाहावी.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यातले पुष्कळ जण गडांवर जाल. जाण्याआधी जुन्या ब्लॉगची निर्यात काढा, ती फाईल आणि फोटो एका पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तुम्हाला आवडणारं दुसऱ्या कुणाचं एखादं गडाचं पान असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर त्याचा पत्ता देऊन प्रत साठवून घ्या. त्याला खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत.